उतरलेला ताप

आजारी माणसाच्या उशाशीं बसलेल्या घरच्या मंडळींना एकच आकडा ठाऊक असतो, तो थर्मामीटरवरचा. तो चढला कीं घर काळजींत पडतें, आणि उतरला कीं देवापुढें साखर ठेविली जाते. बहुतेक तापांत हा हिशेब बरोबरच ठरतो. परंतु कांहीं ताप असे आहेत कीं पारा खालीं आल्यावरच त्यांत खऱ्या काळजीचे तास सुरू होतात. असे ताप ओळखावे कसे व त्यांचें गांभीर्य मोजावें कसें, याविषयीं आज मी चार गोष्टी सांगणार आहें.

मी वैद्य नाहीं कीं डॉक्टर नाहीं. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी पत्करली, आणि पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकवून निवृत्त झालों. मग या विषयांत पडण्याचें कारण काय, असें आपण विचाराल. कारण घरचेंच आहे. २००६ सालच्या पावसाळ्यांत माझ्या थोरल्या बहिणीचा चौदा वर्षांचा मुलगा तापानें आजारी पडला. चार दिवस ताप १०३ च्या खालीं येईना. पांचव्या दिवशीं सकाळीं घाम आला, पारा ९९ वर उतरला, आणि ताईच्या जिवांत जीव आला. त्या दिवशीं मुलगा अंथरुणावर पडून होता. पोट दुखतें म्हणत होता. तीन वेळां उलटी झाली. हातपाय गार लागत होते. आम्हीं म्हटलें, चार दिवस पोटांत अन्न नाहीं, अशक्तपणा आहे. तो पूर्ण शुद्धीवर होता. संध्याकाळीं मला म्हणाला, "मामा, सोमवारीं शाळेंत जाऊं ना?" मीं म्हटलें, "जा कीं." रात्रीं दहाच्या सुमारास त्याची नाडी हाताला लागेना, तेव्हां आम्ही धांवलों. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तो गेला. डॉक्टरांनीं कसूर केली नाहीं. त्यांच्यापर्यंत पोंचण्यांत आम्हींच चौदा तास घालविले होते.

त्या चौदा तासांत त्याच्या शरीरांत काय चाललें होतें, हें समजून घेतल्यावांचून मला चैन पडेना. आतां डॉक्टर झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मीं गांठलें. त्यानें मला जें शिकविलें, तें बरेचसें अंकगणितच निघालें. म्हणूनच तें आपणांपुढें मांडण्याचें धाडस करितों.

या तापांना विषाणुजन्य रक्तस्रावी ज्वर म्हणतात. नांव एक असलें तरी त्यांचें कूळ एक नाहीं. १९६७ सालीं जर्मनींतील मारबुर्ग व फ्रँकफुर्ट आणि त्या वेळच्या युगोस्लाव्हियांतील बेलग्रेड या शहरांत, आफ्रिकेंतून आणलेल्या माकडांपासून प्रयोगशाळेंतील लोकांना एक नवाच ज्वर जडला. ३१ जण आजारी पडले व त्यांतील ७ दगावले. १९६९ सालीं नायजेरियांतील लासा या गांवावरून दुसऱ्या एका ज्वराला नांव मिळालें. १९७६ सालीं त्या वेळच्या झाईरमध्यें इबोला नदीच्या नांवाचा ज्वर जगापुढें आला. आपला देशही यांतून सुटलेला नाहीं. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूर जंगलांत माकडें पटापट मरूं लागलीं आणि आसपासच्या गांवांतील माणसें तापानें फणफणलीं. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं त्याच्या विषाणूचा छडा लाविला. तें केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. या माकडतापानें २०१६ सालीं आपल्या सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यालाही गांठलें. आणि या सर्वांत आपल्या शहरांतल्या घरांना अधिक जवळचा म्हणजे डेंग्यू, ज्याला आपले वाडवडील हाडमोड्या ताप म्हणत.

या निरनिराळ्या विषाणूंत समान गोष्ट ही, कीं ते रक्तवाहिन्यांच्या नाजुक भिंती आणि रक्त गोठण्याची शक्ति यांवर घाला घालतात. तथापि नांवांतील 'रक्तस्राव' या शब्दानें आपली फसगत होते. रक्त वाहतांना दिसलें तरच आजार भयंकर, असें आपण समजतों. डेंग्यूमध्यें रुग्ण दगावतो तो बहुधा बाहेर वाहिलेल्या रक्तामुळें नव्हे, तर आंतल्या आंत पाझरलेल्या पाण्यामुळें. हें पुढें स्पष्ट करीन.

प्रथम निदान. चांगला डॉक्टर रक्त काढण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न, रुग्ण कोठें होता? काजूच्या बागेंत वा जंगलांत गेला होता काय, तेथें मेलेलीं माकडें आढळलीं काय, अंगावर गोचीड चढली होती काय? तसें असेल तर माकडतापाचा संशय घ्यावयाचा. गुरांशीं, त्यांच्या गोचिडींशीं वा ताज्या मांसाशीं संबंध आला असेल तर क्रिमियन-काँगो ज्वराचा. हा ज्वर २०११ सालीं गुजराथेंत उघडकीस आला, तेव्हां रुग्णाची शुश्रूषा करणारेही त्याला बळी पडले. म्हणून हा प्रश्न इतरांच्या जिवासाठींही विचारावा लागतो. डेंग्यूची गोष्ट वेगळी. तो स्पर्शानें लागत नाहीं. दिवसा चावणारा, घरांतल्या सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढणारा एडिस डास तो पसरवितो.

दुसरा प्रश्न, ताप येऊन आज कितवा दिवस? हा प्रश्न साधा दिसतो, पण सर्व निदान त्याच्यावर टांगलेलें असतें. डेंग्यूच्या पहिल्या पांच दिवसांत रक्तांत विषाणूचा एक अंश सांपडतो. त्याला एन-एस-वन म्हणतात. पुढें तो मावळत जातो, आणि सुमारें पांचव्या दिवसापासून त्या विषाणूविरुद्ध शरीरानें तयार केलेलीं प्रतिपिंडें दिसूं लागतात; त्यांना आय-जी-एम म्हणतात. म्हणजे दुसऱ्या दिवशीं आय-जी-एम पाहिलें, किंवा सातव्या दिवशीं एन-एस-वन पाहिलें, तर आजार असूनही उत्तर 'नाहीं' असें येऊं शकतें. परीक्षेंत प्रश्न एक आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचें, तसा हा प्रकार. म्हणून 'चांचणींत कांहीं निघालें नाहीं' एवढ्यावर निश्चिंत न होतां ती कोणत्या दिवशीं केली हें पाहावें. हिंवताप, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस हे आजारही पावसाळ्यांत याच वेषानें येतात. त्यांचीही परीक्षा बरोबरीनें व्हावी लागते.

एक जुनी परीक्षा डॉक्टर रुग्णाजवळच बसून करितात. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधावयाचा, दाबाच्या वरच्या व खालच्या आकड्यांच्या मधोमध तो पांच मिनिटें ठेवावयाचा, मग सोडून कातडीकडे पाहावयाचें. एका चौरस इंचांत दहा किंवा अधिक बारीक तांबडे ठिपके उमटले, तर केशवाहिन्या दुबळ्या झाल्याचा तो पुरावा. ठिपके न उमटले तरी डेंग्यू नाहीं असें मात्र म्हणतां येत नाहीं.

आतां गांभीर्य. डेंग्यूचे तीन टप्पे मानतात. पहिला तापाचा, तो दोन ते सात दिवसांचा. यांत डोकें फुटतें, डोळ्यांच्या मागें ठणकतें, हाडें मोडल्यासारखीं दुखतात. दुसरा टप्पा संकटाचा. तो बहुधा तिसऱ्या व सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप उतरतांना सुरू होतो, आणि २४ ते ४८ तास टिकतो. तिसरा टप्पा उताराचा. बहुतेक रुग्ण पहिल्यांतून सरळ तिसऱ्यांत जातात; थोड्यांना मधला टप्पा गांठतो. माझा भाचा त्या थोड्यांपैकीं होता.

मधल्या टप्प्यांत काय घडतें? आपल्या घरांतला मातीचा माठ डोळ्यांपुढें आणा. चांगला माठ बेतानें पाझरतो. पण त्याचीं छिद्रें मोठीं झालीं तर रात्रींत निम्मा रिकामा होतो. केशवाहिन्यांचें तसेंच होतें. त्यांच्या भिंती सैल होतात, आणि रक्तांतील पाणी, ज्याला रक्तद्रव म्हणतात, तें बाहेर पाझरून पोटाच्या व छातीच्या पोकळींत सांचतें. तांबड्या पेशी मोठ्या असल्यामुळें आंतच राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला थेंबभर रक्त दिसत नाहीं, आणि आंत रक्त आटून दाट होत असतें.

हें दाटपण मोजण्याची रीत सोपी आहे. ताक थोडा वेळ स्थिर ठेविलें कीं वर निवळ पाणी येतें आणि दाट भाग खालीं बसतो. रक्त बारीक नळींत घालून वेगानें फिरविलें कीं तसेंच होतें. एकंदर उंचीच्या शंभर भागांत तांबड्या पेशींचे किती भाग, या आकड्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. समजा, तो ४० आहे. रक्तद्रव पाझरला कीं तो चढूं लागतो. मूळच्या शेंकडा २० नें तो चढला, तर पाझर मोठा आहे असें ठरतें. येथें माझीं मुलें हमखास चुकत. ४० मध्यें २० मिळवून ६० असें तीं सांगत. शेंकडा २० म्हणजे ४० चा पांचवा हिस्सा, अर्थात् ८. म्हणजे ४८ हाच धोक्याचा आकडा.

यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांचें व मुलींचें रक्त मुळांतच कमी असतें. एखादीचा नेहमींचा आकडा ३० असेल. तापांत तो ३६ झाला, तर अहवालावर कोणी तांबडी खूण करणार नाहीं. उलट ३६ हा आकडा निरोगी दिसतो. पण ३० चे ३६ म्हणजे नेमके शेंकडा २० नें अधिक! ती मुलगी संकटांत असते आणि कागद तिला निरोगी ठरवितो. म्हणून पहिल्या दोनतीन दिवसांतच एकदां रक्त तपासून मूळ आकडा टिपून ठेवावा. मुद्दल ठाऊक नसेल तर व्याज काढावयाचें कसें? उलट, हाच आकडा एकाएकीं पुष्कळ उतरला आणि रुग्णाची प्रकृति बिघडत असली, तर आंत कोठें तरी रक्तस्राव होत आहे असा संशय घ्यावा लागतो.

दुसरें गणित वजाबाकीचें. रक्तदाबाचे आकडे दोन. १२० व ८० असतील तर वजाबाकी ४०. रक्तद्रव घटूं लागला कीं शरीर रक्तवाहिन्या आवळून धरतें. त्यामुळें वरचा आकडा पुष्कळ वेळ जागेवर राहतो आणि खालचा चढतो. दाब १०० व ८० झाला, तर वरचा आकडा ऐकून घरची माणसें म्हणतात, ठीक आहे. पण वजाबाकी २० वर आली! ती २० किंवा कमी झाली कीं शॉक नांवाची अवस्था सुरू झाली असें समजतात. याच वेळीं हातपाय गार पडतात, कारण आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त तेथवर पोंचत नाहीं. आणि मेंदूला मात्र शेवटपर्यंत पुरवठा चालू राहत असल्यानें रुग्ण शुद्धीवर असतो, नीट बोलतो. माझा भाचा शाळेच्या गोष्टी करीत होता, त्याचा अर्थ मला पुढें कळला.

हे हिशेब एका दिवसांत ठरले नाहींत. १९५३ सालीं फिलिपाइन्समधील मनिला येथें मुलांत हा रक्तस्रावी प्रकार प्रथम ओळखला गेला; १९५८ सालीं बँकॉकमध्यें मोठी सांथ आली; १९६३ सालीं कलकत्त्यानें ती अनुभविली. बँकॉकच्या बालरुग्णालयांतील डॉक्टरांनीं मुलांच्या उशाशीं बसून तासातासाच्या नोंदी ठेविल्या आणि त्यांवरून गांभीर्याच्या चार पायऱ्या ठरल्या. पहिलींत केवळ दंडाच्या पट्ट्याखालीं ठिपके. दुसरींत आपोआप होणारा रक्तस्राव. तिसरींत नाडी जलद व क्षीण. चौथींत नाडी व दाब दोन्हीं सांपडत नाहींत. पुढें असें आढळलें कीं कित्येक रुग्ण गंभीर असूनही या चौकटींतील सर्व अटी पुऱ्या करीत नाहींत. तेव्हां २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सोपी विभागणी केली: धोक्याच्या खुणा नसलेला डेंग्यू, खुणा असलेला डेंग्यू, आणि तीव्र डेंग्यू. तीव्र म्हणजे ज्यांत शॉक आहे, किंवा पाझरलेल्या पाण्यानें धाप लागली आहे, किंवा मोठा रक्तस्राव आहे, किंवा यकृत, मेंदू, हृदय यांपैकीं कशावर आघात झाला आहे.

या आजाराचे विषाणु चार प्रकारचे आहेत. एकाची बाधा होऊन गेली कीं त्याच्यापुरतें संरक्षण मिळतें. पण पुढें दुसऱ्या प्रकारची बाधा झाली तर जुनीं प्रतिपिंडें कित्येकदां रक्षण करण्याऐवजीं नव्या विषाणूला पेशींत शिरण्यास वाट करून देतात. क्यूबामध्यें १९७७ सालीं पहिल्या प्रकारची सांथ येऊन गेली होती. १९८१ सालीं दुसऱ्या प्रकारची आली, तेव्हां साडेतीन लाखांच्या घरांत लोक आजारी पडले आणि १५८ मृत्यु झाले. म्हणून 'मला मागें एकदां होऊन गेला आहे' हें निश्चिंतपणाचें कारण नसून सावधपणाचें आहे.

आतां घरोघर ज्याची चर्चा होते, त्या प्लेटलेटविषयीं. रक्त गोठविणाऱ्या या सूक्ष्म कणांची संख्या एरव्हीं दीड ते चार लाख असते. डेंग्यूमध्यें ती एक लाखाखालीं येणें ही नित्याची गोष्ट आहे. तो आकडा ऐकून घर हादरतें, रक्तपेढीकडे धांवाधांव होते, कोणी पपईच्या पानांचा रस काढतो. परंतु रक्तस्राव नसतांना केवळ आकडा कमी म्हणून प्लेटलेट भरण्याचा सहसा उपयोग होत नाहीं. उतार पडला कीं ती संख्या आपोआप वाढते. ती झपाट्यानें घसरत असतां हिमॅटोक्रिट चढूं लागला, ही जोडी मात्र धोक्याची. एकाच आकड्याकडे डोळे लावून बसण्यांत दुसरे दोन आकडे नजरेआड होतात, हें माझें सांगणें आहे.

मग घरच्यांनीं काय करावें? एक वही करावी. तापाचा पहिला दिवस तींत लिहावा. दर चार तासांनीं ताप, किती पाणी वा पेज पोटांत गेली, लघवी केव्हां झाली, हें टिपावें. तापाला पॅरासिटॅमॉल डॉक्टर सांगतील त्या मात्रेनें द्यावें. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन देऊं नये, कारण त्यांनीं रक्तस्राव बळावतो. आणि ताप उतरूं लागला कीं पाहारा सैल न करतां दुप्पट करावा. पोटांत सतत दुखणें, उलट्या न थांबणें, हिरड्यांतून वा नाकांतून रक्त येणें, शौचास काळें होणें, अंगावर सूज किंवा धाप, मुलानें एकाएकीं निपचित पडणें किंवा उलट अस्वस्थ होऊन तळमळणें, हातपाय गार पडणें, चार ते सहा तासांत लघवी न होणें, यांपैकीं एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहूं नये. बोटाचें नख दाबून सोडावें. पांढरें पडलेलें नख दोन सेकंदांत पुन्हां गुलाबी झालें पाहिजे. गर्भवती स्त्रिया, तान्हीं मुलें, वृद्ध व मधुमेही यांना तर खुणांची वाट न पाहतां डॉक्टरांच्या नजरेखालीं ठेवावें.

रुग्णालयांत उपचार काय, तर मुख्यतः मीठपाणी. पण तेंही मोजून. माठ पाझरत आहे तोंवर तो भरावयाचा, अंगावर ओतावयाचा नाहीं. कारण दोन दिवसांनीं छिद्रें मिटतात, बाहेर सांचलेलें पाणी रक्तांत परत येऊं लागतें, आणि तेव्हां सलाईन चालूच राहिलें तर फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण बुडतो. बँकॉकमध्यें १९५८ सालीं शंभरांतील चौदा मुलें दगावत होतीं. वेळेवर ओळखणें आणि मोजून पाणी देणें एवढ्यानेंच तें प्रमाण पुढें शेंकडा एकाच्याही खालीं आलें.

२०१९ सालीं माझी सात वर्षांची नात याच तापानें आजारी पडली. तिसऱ्या दिवशींचा हिमॅटोक्रिट ३३ होता. तो मीं वहींत लिहिला. पांचव्या दिवशीं सकाळीं ताप उतरला आणि तिच्या पोटांत दुखूं लागलें. आम्हीं तिला तडक रुग्णालयांत नेलें. आकडा आला ४०. तेथील तरुण डॉक्टरीणबाई वही पाहून म्हणाल्या, "आजोबा, ३३ लिहून ठेवलंत हें फार बरं केलंत." ३३ चा पांचवा हिस्सा साडेसहाहून थोडा अधिक, हिशेब पुरा झाला होता. दोन दिवस तिला मोजून सलाईन दिलें, आणि आठव्या दिवशीं ती घरीं आली.

पारा उतरला त्या सकाळीं आमच्या घरांत कोणीं साखर ठेविली नाहीं. ती तीन दिवसांनीं ठेविली, वहींतला आकडा पुन्हां ३३ वर आल्यावर. ताई त्या दिवशीं आमच्याकडेच होती. तिनेंच ती देवापुढें ठेविली.